सासऱ्यांच्या लॉरीचे दिवे

माझे सासरे वरूडचे. संत्र्यांचे बगीचेवाले. बायकोची आई ती लहान असतानाच गेली होती, भाऊ-बहीण कोणी नव्हतं, त्यामुळे त्या घरात सासरे आणि गडीमाणसं एवढेच. आमचं लग्न झालं त्याच वर्षी त्यांनी परतवाड्याच्या एका लाकडाच्या ठेकेदाराकडून जुनी लॉरी विकत घेतली. ट्रकला तेव्हा आमच्या वऱ्हाडात सगळे लॉरीच म्हणत. मेळघाटातून सागवान ओढून ओढून तिची हाडं खिळखिळी झाली होती. पण सासऱ्यांनी तिला दारात उभी केली, ओवाळली आणि गावात सांगत सुटले, "लेक अमरावतीले गेली, अन् हे घरात आली."

मी अमरावतीच्या एका शाळेत शास्त्र शिकवत होतो. वीज हा माझा आवडता विषय. शिकवायचो मात्र खडूनं. शाळेत विजेची तार आलेली नव्हती, आणि प्रयोगशाळेतली एकुलती एक बॅटरी माझ्या आधीच्या मास्तरांच्या काळातच कोरडी पडली होती. फळ्यावर मी दिवे काढी, पिवळ्या खडूनं पेटवीही. मुलं पास होत. मध्यप्रांताच्या शिक्षणखात्याला त्याहून जास्त काही नको होतं.

दसरा झाला आणि संत्र्यांचा हंगाम सुरू होता होता लॉरीचा ड्रायव्हर आमच्या दारात हजर झाला. हा उंच, पान खाणारा, कमी बोलणारा माणूस. संत्र्यांची टोपली ओसरीवर ठेवून म्हणाला, "मालकानं बलावलं. बत्त्या जळत नाहीत. तुमी पोरायले इजेचं शिकवता म्हनते."

दिवसा माल भरायचा, संध्याकाळी निघायचं, म्हणजे सकाळच्या बाजाराला संत्री अमरावतीत. दिवे नसले की मोर्शीच्या अलीकडेच शिपाई लॉरी अडवी. फळ्यावरचा दिवा आणि लॉरीचा दिवा यांत फरक असतो, असं सासरी कळवायला धीर लागतो. बायकोनं तोवर ट्रंक भरायला घेतली होती.

वरूडला पोचलो तर लॉरी लग्नातल्या घोड्यासारखी सजलेली. पाठ हिरवी, चाकांवरचे पत्र्याचे पंख लाल, दिव्यांची टोपणं पिवळीधमक. दसऱ्याला सासऱ्यांनी तिला स्वतः उभं राहून रंग दिलेला, तोही दिवे उतरवून, दोन-दोन हात. डावा दिवा मेलेला होता. उजवा जळे, पण निरंजनाइतका. ड्रायव्हरनं डाव्या पंखावर बुक्की मारली की डावा क्षणभर डोळा उघडी आणि मिटी.

"पाहा," सासरे म्हणाले, "नखरे करून राहिली."

ड्रायव्हरचं मत होतं की बॅटरी म्हातारी झाली. सासऱ्यांचं मत होतं की ठेकेदारानं दृष्ट लावली. माझं मत काहीच नव्हतं, म्हणून मी कामाला लागलो. डाव्या दिव्याचा बल्ब काढून उजव्यात घातला. तिथे तो जळला, म्हणजे बल्ब चांगला. बॅटरीपासून एक सुटी तार ओढून थेट डाव्या दिव्याला वीज दिली. तरी अंधारच, म्हणजे जुन्या तारेचाही दोष नव्हता. मग मला माझाच फळा आठवला. त्यावर वीज एका तारेनं जाई आणि दुसऱ्या तारेनं परत येई. लॉरीला दुसरी तारच नव्हती. परत जाण्याचं काम गाडीच्या लोखंडानंच करायचं असतं. ड्रायव्हर लोक त्याला इंग्रजीतला 'अर्थ' म्हणतात. आणि इथे दिवा आणि लोखंड यांच्यामध्ये सासऱ्यांच्या तेलरंगाचा जाड थर बसला होता. वीज जाऊन अडकत होती, परतायला वाट नव्हती.

मी नट ढिले केले, चाकूनं दिव्याच्या बुडाखालचा रंग खरवडला, पंखाखालचाही खरवडला, लोखंड चकचकीत दिसू लागलं तेव्हा सगळं पुन्हा आवळलं. ड्रायव्हरनं बटण दाबलं आणि दोन्ही दिव्यांनी गोठ्याची भिंत पांढरी केली. गडीमाणसं "ओ बाप्पा!" म्हणून ओरडली. मास्तर होऊन इतकी वर्षं झाली होती, पण आपण शिकवतो ते खरं असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

सासरे मात्र वाकून लाल पंखावरचे ओरखडे पाहत होते.

"हे काहून खरडलं?"

"मामाजी, रंगामुळे अर्थ मिळत नव्हता."

"रंगात अर्थ नाही?" त्यांचा चेहरा पडला. "जवाईबापू, एवढी सजवली म्या तिले!"

मी समजावलं. त्यांनी मान हलवली. हंगामभर लॉरी बिनतक्रार धावली. पुढच्या दसऱ्याला त्यांनी ओरखड्यांसकट सगळं पुन्हा रंगवून काढलं, आणि ड्रायव्हर पुन्हा संत्र्यांची टोपली घेऊन आमच्या दारात उभा राहिला.

मग तो रिवाजच पडला. दसऱ्याला सासरे रंगवीत, दसऱ्यानंतर मी खरवडी. मी सांगून पाहिलं की एवढी जागा सोडून रंगवा. ते म्हणत, "बरं," आणि रंगवीत. एका वर्षी मात्र मला हुशारी सुचली. मी प्रत्येक दिव्याच्या आतून एक जास्तीची तार काढली आणि ती थेट बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन जोडली, फळ्यावर काढतो तशी. आता लोखंडाची गरजच नाही. लॉरी शेंदरात बुडवली तरी दिवे जळणार. सासऱ्यांनी खूश होऊन त्या तारांनाही रंग दिला. दिवे जळतच राहिले.

पुढचा दसरा आला आणि गेला. ड्रायव्हर आला नाही. बायकोनं ट्रंक पलंगाखालून काढून ठेवली होती, ती दिवाळीच्या तोंडावर तिनं परत आत ढकलली. दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. मग भाकरी थापता थापता म्हणाली, "पक्कं करायची काय गरज होती?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वडील तोंडानं "ये" म्हणणार नाहीत, कारण लेकीनं आपल्याच घरी यायला बोलावणं कशाला हवं? आणि लेक बोलावल्याशिवाय जाणार नाही, कारण बोलावणं नसेल तर ते घर आपलं कसं? दोघांच्या मध्ये तेवढे दोन दिवे होते, ते मी दुरुस्त करून बसलो होतो.

"आपण असंच जाऊ," मी म्हटलं.

"मी नाही येत," ती म्हणाली.

संत्री संपत आली तेव्हा एका दुपारी लॉरी आमच्या दारात येऊन थांबली. ड्रायव्हरशेजारून खुद्द सासरे उतरले. ते अमरावतीला आमच्याकडे क्वचितच येत. पायरीवरून ओसरीत आले, टोपी काढून मांडीवर ठेवली, पाणी प्याले.

"दिवे बिघडले काय?" मी विचारलं.

"नाही. बराबर जळून राहिले."

"भोंगा?"

"वाजते."

"मग?"

त्यांनी टोपीची घडी नीट केली. माजघराच्या दाराआड बांगड्या वाजल्या. आतून आवाज आला, माझ्यासाठी, पण चांगला मोठ्यानं: "गाडी चांगली आहे तर कशाला त्रास घेतला म्हणावं."

सासरे माझ्याकडे पाहत बोलले, आवाज मात्र दाराकडे गेला. "तिले म्हना, मले घरात करमत नाही. गाडी बिघडाची वाट कोठवर पाहू? येत असन तं चाल म्हना."

आत काही पडल्याचा आवाज झाला. ती ट्रंक होती. बायको लुगडं बदलून बाहेर आली, वडिलांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "किती वाळले तुमी!" अमरावतीच्या घरात तिच्या तोंडून वऱ्हाडी बोली मी पहिल्यांदाच ऐकली, एरवी इथे ती पुस्तकासारखी बोले.

लॉरीच्या पुढच्या बाकावर ड्रायव्हर, सासरे आणि लेक बसले. चौथ्याला जागा नव्हती. मी मागे, संत्र्यांच्या रिकाम्या पेट्यांवर चढून बसलो. मोर्शीपर्यंत पुढे ती दोघं सारखी बोलत होती, एकमेकांचं वाक्य तोडून, हात उडवून. इंजिनाच्या खडखडाटात मला एक शब्द ऐकू आला नाही.