दुर्पताबाईची निरंक मिल

दुर्पताबाईचा राग जन्मजात नाही. तो तिला सरकारने दिलेला आहे, रीतसर, सहीशिक्क्यासह. त्याआधी ही बाई नाकासमोर चालणारी होती आणि कुणाच्या अध्यातमध्यात नव्हती.

देवरीच्या पुढे हमरस्ता सोडून जंगलाच्या अंगाने आत गेलं की तिचं गाव. गावात धान भरडायची एकच छोटी मिल, पत्र्याच्या खोलीतली, आणि ती तिची. नवरा मनीराम पट्टा बसवायचा, मोटार बघायचा, पण मिल चालवायची ती दुर्पताबाईनेच. गावातल्या बाया आपल्या घरचा धान टोपल्यात घेऊन यायच्या, भरडून आपला तांदूळ आपल्या घरी न्यायच्या. मजुरी म्हणून खाली पडलेला कोंडा मिलवालीचा. हिने धान विकत घेतला नाही की तांदूळ विकला नाही. सासऱ्याच्या वेळेपासून हीच रीत. त्या कोंड्यावर तिच्या म्हशी पोसल्या गेल्या आणि उरलेला ढोरंवाल्यांनी नेला, त्यावर घर चाललं.

मग हुकूम आला. मिल केवढीही असो, दर महिन्याला ऑनलाइन विवरण भरायचं. धान किती आला, तांदूळ किती झाला, किती विकला, किती शिल्लक राहिला. नाही भरलं तर परवाना जाईल.

मनीराम म्हणाला, "आपल्याले नाई जमत हे. चूपचाप बसून राहू."

"काऊन बसू? सरकार विचारून राहिलं तं सांगाले काय जाते? आपण का चोर आहो?"

आपणच बोललेल्या या वाक्याचा तिला पुढे फार संताप आला.

दर महिन्याला ती बस धरून देवरीला जायची. तिथे गजेंद्रचं ऑनलाइन सेंटर. पोरगा गोंदियाचा, अर्ध्या हिंदीत बोलणारा. पहिल्याच खेपेला त्याने विचारलं, "काकी, धान कितना आया?" हिने सगळा सांगितला, कुणाची टोपलीसुद्धा सोडली नाही. "तांदूळ झाला किती?" तेही सांगितलं. "आता विकला किती?"

"माया आहे का तो, विकाले? ज्याचा त्यानं नेला."

"म्हणजे विक्री झिरो."

"झिरो."

एक अक्षर खोटं नव्हतं. पडद्यावर हिरवी खूण उमटली. बाई खूश होऊन बस पकडायला गेली आणि वाटेत मनीरामसाठी भजी बांधून घेतली. पुढच्या महिन्यांतही असंच चाललं.

आता त्या पडद्याची अक्कल पाहा. जो तांदूळ झाला आणि विकला गेला नाही, तो मिलमध्येच पडून आहे, असं त्याने आपल्या मनाने ठरवलं आणि शिल्लक म्हणून मांडून ठेवला. पुढच्या महिन्याचा त्याच्यावर चढला, त्याच्या पुढचा त्याच्यावर. दसरा जवळ आला तेव्हा कागदावर दुर्पताबाईच्या मिलमध्ये सगळ्या तालुक्याला पुरेल एवढा तांदूळ होता. खऱ्या मिलमध्ये मशीन बसवून दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला बाहेर थांबावं लागायचं.

एके दिवशी जीप आली. तालुक्याचे निरीक्षक उतरले, पत्र्याच्या खोलीत डोकावले आणि म्हणाले, "बाई, साठा कुठे आहे?"

"कोणचा साठा?"

"तुम्हीच भरलाय. असेल तर दाखवा. नसेल तर काळ्या बाजारात विकला, असं धरावं लागेल."

तिने समजावून सांगितलं. धान लोकांचा, तांदूळ लोकांचा, आपला फक्त कोंडा. जमलेल्या बायांनीही सांगितलं. साहेबांनी मान हलवून सगळं ऐकून घेतलं आणि दाराला लाखेचं सील ठोकलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते दुर्पताबाईला त्या दिवशी कळलं.

आणि वेळ कोणती? लवकर पिकणारा हलका धान नुकताच कापून घरात आला होता. या भागातल्या गोंडांच्या घरी नव्या धानाचा तांदूळ आधी देवाला चढतो, मग घरात शिजतो. त्याआधी कुणी नवं तोंडात घालत नाही. गावाने नवं खाण्याचा दिवस धरला होता. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी बाया टोपल्या डोक्यावर घेऊन आल्या आणि लाख बघत उभ्या राहिल्या. घरोघरची उखळं कधीच मोडीत निघालेली. दुसरी मिल हमरस्त्यावर, कोसभर लांब. एकदा गावाचे पाय तिकडे वळले की ते परत फिरणार नाहीत आणि सासऱ्याने उभी केलेली मिल कोंबड्यांची खोली होऊन जाईल, हे तिला दिसत होतं. "दम धरा बायांनो," एवढंच म्हणून तिने देवरीची बस धरली.

कार्यालयात साहेबांचा सूर एकदम गोड. खुर्ची दिली, चहा मागवला.

"साहेब, दुसऱ्याचा धान कोठं लिहू, ते सांगा."

"तसा रकाना नाही."

"मंग जोडा ना."

"ते वरून होतं, बाई. आमच्या हातात नाही." साहेबांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे फिरवला. तालुक्यातल्या सगळ्या छोट्या मिल तिथे होत्या आणि प्रत्येकीपुढे दर महिन्याला एकच शब्द होता, निरंक. म्हणजे आमच्याकडे काहीच घडलं नाही. "हे बघा, सगळे असंच भरतात. कुणाला नोटीस आली? तुम्हीच तेवढ्या शहाण्या."

"पण या मिला चालून राहिल्या! त्या हमरस्त्याच्या मिलमंधी मी सोता धान पाह्यला."

"कागदावर नाही ना." साहेबांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. मिल वर्षभर नादुरुस्त असून बंद होती, मागील नोंदी अनवधानाने झाल्या, यापुढे निरंक विवरण वेळेवर भरीन. "सही करा. संध्याकाळपर्यंत सील काढतो."

तिने कागद दोनदा वाचला. "म्हंजे खरं लिवलं तवा मी चोर. अन् आता खोटं लिवून देतो तं साव?"

"नियमात बसवतोय, बाई. तुमच्याच भल्यासाठी."

तो कागद फाडून त्यांच्या तोंडावर फेकावा असं तिला वाटलं, आणि ते वाटणं शंभर टक्के बरोबर होतं. पण गावात टोपल्या भरून ठेवलेल्या होत्या. तिने पेन इतकं दाबून सही केली की कागदाला भोक पडलं. साहेब म्हणाले, "चालेल."

सील निघालं. मिल रात्री उशिरापर्यंत घरघरत राहिली आणि गावाने ठरल्या दिवशी नवं खाल्लं. सगळे निश्चिंत झाले. दुर्पताबाईला मात्र तो घास गोड लागला नाही, आणि ते तिने देवापुढेच मोठ्याने सांगून टाकलं.

तेव्हापासून ती दर महिन्याला देवरीला जाते. कधी चुकत नाही. गेल्या खेपेला सेंटरवर निरीक्षकसाहेब स्वतःच कसलीशी झेरॉक्स काढायला आलेले. दुर्पताबाई भरडणं अर्धवट टाकून, बस चुकू नये म्हणून तशीच आलेली, केसांत, भुवयांत, लुगड्यावर सगळीकडे कोंडा. गजेंद्रने साहेबांकडे बघत आवाज खाली आणला. "काकी, निरंकच ना?"

"हळू कायले बोलतं? लिही! मिल बंद आहे, म्हनून लिही!"

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. साहेबांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. कोंडा त्यांना दिसला नाही असं म्हणायला ते आंधळे नव्हते. "वा, बाई," ते म्हणाले, "वेळच्या वेळी भरता. सगळ्यांनी तुमच्यासारखं असावं."

"साहेब, एक डाव घरी येजा जेवाले," दुर्पताबाई म्हणाली. "बंद मिलचे तांदूळ रांधून वाढतो तुमाले."

साहेबांना ती गंमत वाटली. ते हसले, आणि गजेंद्रने निरंक टाकून बटण दाबलं.