एकट्याचा फोटो

कर्जत स्टेशनसमोरच्या एका स्टुडिओत मी सात वर्षं फोटोतली माणसं वेगळी काढायचं काम केलं. घरात कुणी गेलं की भिंतीवर लावायला त्याचा एकट्याचा फोटो हवा असे, आणि तो बहुधा नसेच. मग दुसऱ्या एखाद्या फोटोतून माणूस उचलायचा. आधी कॉपी काढायची, ती ब्लेडनं कापायची, राखाडी कागदावर चिकटवून कडा ब्रशनं बुजवायच्या आणि पुन्हा फोटो घ्यायचा. मूळ फोटोला ब्लेड लावायचं नाही, हे मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

पळसदरीकडची एक बाई दिराला घेऊन आली. नवरा जाऊन आठवडा झाला होता. जत्रेत काढलेला दोघांचा फोटो तिनं पुढं केला. नवऱ्याचा हात तिच्या खांद्यावर होता.

"वहिनीनंच हट्ट केला व्हता," दीर म्हणाला. "दादा लाजून पळत व्हता."

"तुमी गप बसा." मग मला म्हणाली, "भाऊ, ह्यांचा येगळा काढा. पन ह्यो मला परत पायजे. दुसरा नाय."

तेराव्याला अजून वेळ होता. पण त्या दुपारी मला खालापूरला कबड्डीचे सामने बघायला जायचं होतं. कॉपी धुऊन वाळेपर्यंत कोण थांबणार? मी मूळ फोटोच कापला. खांद्यावरचा हात तुटला, त्या जागी सरळ खाली सोडलेला हात रंगवला. तिचा तुकडा कचऱ्यात गेला. मला आठवण झाली तेव्हा कचरा जळून गेला होता.

ती आली. मोठा फोटो निरखून म्हणाली, "हात असा नवता ह्यांचा." आणि मग, "माजा फोटो?"

मालक आतच होते. नोकरी गेली असती. मी आवाज चढवला, "गेलेल्या माणसाबरोबर जित्याचा फोटो घरात ठेवत नाहीत. अशुभ असतं. म्हणून जाळला."

ती भांडेल असं वाटलं होतं. तिनं हळूच विचारलं, "जोडीनं काढला तवापासनंच अशुभ व्हता का, भाऊ?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी फोटो कागदात गुंडाळत राहिलो.

"मीच हट्ट केला," ती म्हणाली.

पुढं मी स्वतःचा कॅमेरा घेतला. बारा वर्षांनी तिच्या मुलीच्या लग्नात फोटो काढायला गेलो. नवरा-नवरीला शेजारी उभं केलं, तेवढ्यात ती धावत मध्ये आली.

"जोडीनं नको, भाऊ. तुमाला तर ठावं हाय. येगळा येगळा काढा."

वऱ्हाडी हसले. मुलगी रडवेली झाली. मी दोघांचे वेगवेगळे फोटो काढले.