बंद खोलीतली बाई

चेन्नईच्या एका इस्पितळात मी पेशंटना जेवणाची ताटं पोचवते. गळ्यातल्या थायरॉइडच्या कॅन्सरसाठी किरणांचं औषध घेतलेली ती बाई बंद खोलीत एकटी असायची. मी दार उघडलं की ती भिंतीपाशी सरकून पाठमोरी उभी राहायची.

मला दुसरा महिना होता. आमच्यात तिसरा सरल्याशिवाय कुणाला सांगत नाहीत.

तिच्या खोलीत जायला लागल्याच्या तिसऱ्या दिवशी ताट ठेवताना मला मळमळलं. तिने वळून पाहिलं.

“अक्का, कितवा महिना?”

मी ताट टेबलावर सरकवलं आणि दाराकडे वळले.

“लाजता कशाला? माझ्या अंगातून किरणं बाहेर पडतात. म्हणून मी माझ्या लेकराला फोनवरच बघते, आणि तुम्ही तुमचं घेऊन इथे येता?”

मी लगेच जाऊन नर्सबाईंना सांगितलं. त्यांनी मला दुसऱ्या मजल्यावर काम दिलं. आधीच्या दोन दिवसांचं काय, हे मात्र मी अजून कुणाला विचारलेलं नाही.