कानवाले साहेब

आमच्या कारखान्याचे लेबर ऑफिसर कोणाशीही बोलताना आधी मान वळवायचे आणि उजवा कान पुढे करायचे. डावा कान लहानपणीच्या तापात गेला होता. नव्या माणसाला वाटायचं, साहेबांना आपलं तोंड बघायचं नाही. चिकलठाण्याच्या त्या कारखान्यात सगळे त्यांना कानवाले साहेब म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. "दो कानवाले बहुत हैं बेटा," ते म्हणायचे, "ऐकणारा कुठंय?"

मी तिथं टाइम ऑफिसात कारकून होते. कामगारांचं कामात मन नाही, सोमवारी निम्मी माणसं गावाकडंच राहतात, काय अडचण आहे विचारलं तर माना खाली घालतात, अशी मॅनेजरांची रोजची रड होती. म्हणून गेटजवळ सूचनापेटी लावली. उघडली तेव्हा आत एसटीची तिकिटं आणि सुपारीच्या पुड्या निघाल्या. मॅनेजर खवळले. कानवाले साहेब हसले. लिहिणार कोण? अर्ध्यांना लिहिता येत नव्हतं आणि उरलेल्यांचं अक्षर सुपरवायझर ओळखत होते.

मग त्यांनी स्वतःची रीत काढली. शनिवारी पाळी सुटली की कँटीनच्या दाराशी ते भिंतीकडं तोंड करून खुर्चीवर बसत. प्रत्येकानं त्यांच्या उजव्या कानात काहीतरी कुजबुजायचं आणि आत जायचं. सवाल असेल तर सवाल, नसेल तर रामराम, सलाम, जय भीम, काहीही. पण रांग कोणी चुकवायची नाही. सगळेच कुजबुजले तर सवाल कोणाचा हे कळणार कसं? मग आत येऊन मॅनेजरांसमोर ते एकेक सवाल स्वतःच्या आवाजात विचारत.

मी पहिल्यांदा रांगेत उभी राहिले तेव्हा पुरुषमंडळी गालातल्या गालात हसत होती. बाईमाणूस परक्या पुरुषाच्या कानाला लागणार! साहेब भिंतीकडं बघतच म्हणाले, "ताई, लांबूनच बोला. हा कान दोघांचं काम करतो." बायकांच्या संडासाला आतून कडी नाही, एवढंच मी सांगितलं. दोन दिवसांत कडी लागली. त्या कडीचा जो आनंद झाला तो मला पुढं बढतीचाही झाला नाही.

एका शनिवारी साहेबांनी विचारलं, "कोपऱ्यातल्या प्रेसची जाळी काढून का ठेवलीय? उद्या माणसाचा हात आत गेला तर जबाबदार कोण?"

पत्रा कापायच्या त्या मशीनची, हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी काढली की माल भराभर निघतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती काढायचा हुकूम खुद्द मॅनेजरांचा होता. आणि मग जे करायला नको तेच आम्ही केलं. सगळ्यांनी एकदम नामदेवकडं पाहिलं. त्या प्रेसवर तोच असायचा. फुलंब्रीकडचा पोरगा, अजून टेम्पररी, कायम व्हायची ऑर्डर तोंडावर आलेली. आमच्या नजरांमागून मॅनेजरांची नजर गेली.

"ऊठ रे. तू विचारलंस?"

नामदेव उठला. व्हय म्हणेना, नाय म्हणेना.

"साहेब, सवाल मी विचारला," कानवाले साहेब म्हणाले.

"तुमच्या कानात कोणी घातला ते विचारतोय मी."

"कानात आला तेव्हा त्याचा होता. तोंडातून निघाला, अब मेरा है."

"मग पुढच्या शनिवारी नाव सांगा. नाहीतर हा तमाशा बंद, आणि हा पोरगा घरी."

तो आठवडा कोणाला गोड गेला नाही. नामदेव त्याच उघड्या प्रेसवर काम करत होता, आणि खाडकन आवाज झाला की मी टाइम ऑफिसातून उठून दारात यायचे. न राहवून मी साहेबांना म्हटलं, "काम सोडून गेलेल्या एखाद्याचं नाव सांगून टाका ना." माझ्यावर ते तेव्हा एकदाच चिडले. "आज झूठं नाव दिलं, तर उद्या खरं द्यायला किती वेळ लागतो, ताई?"

शनिवारी रांग लागली. काय कुजबुजायचं ते एसटीत आणि डब्याच्या सुट्टीत आधीच ठरलं होतं. साहेबांना मात्र कोणी सांगितलं नव्हतं. शेवटचा माणूस आत गेल्यावर ते उठले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. ते मॅनेजरांसमोर उभे राहिले.

"पहिला सवाल. कोपऱ्यातल्या प्रेसची जाळी कुठंय? दुसरा सवाल. कोपऱ्यातल्या प्रेसची जाळी कुठंय? तिसरा सवाल..."

"बस्स करा!" मॅनेजर ओरडले.

"अजून रांग संपली नाही, साहेब."

घसा बसेपर्यंत ते विचारत राहिले. या वेळी आम्ही कोणीच कोणाकडं पाहिलं नाही. सगळे नाकासमोर बघत होतो.

सोमवारी जाळी बसली. नामदेवची ऑर्डर उशिरानं का होईना, आली. कानवाले साहेबांची बदली मात्र लगेच आली, कंपनीच्या कुठल्यातरी लांबच्या गोदामावर, जिथं ऐकायला माणसंच नव्हती. शनिवारची रांगही बंद झाली. मला त्या मॅनेजरांचा राग आजही येतो.

ते निघाले त्या दिवशी नामदेव त्यांची ट्रंक घेऊन जालना रोडवर आला होता. मीही होते. एसटीची वाट बघता बघता तो म्हणाला, "साहेब, एक इचारू? त्यो सवाल माझा नव्हता. म्या तर तुमच्या कानात नुसता रामराम घातला व्हता."

मी थक्क झाले. "अरे, मग त्याच दिवशी सांगायचं नाही का?"

"म्या नाय म्हनलो असतो, तर त्यांनी दुसऱ्याला उठवलं असतं की, ताई. त्याला बी लेकरं असतील."

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. तोंड भिंतीकडं असलं तरी आवाज ते ओळखत; त्यांना सगळं ठाऊकच होतं.

"पन साहेब, आता तरी सांगा," नामदेव म्हणाला. "कोन व्हता त्यो?"

साहेबांनी नेहमीसारखी मान वळवली. पण त्या दिवशी, पहिल्यांदाच, त्यांनी डावा कान पुढं केला.

"जरा मोठ्यानं बोल बेटा," ते म्हणाले. "ऐकू येत नाही."