चालत्या मागाला हात

"चालत्या मागाला हात लावायचा नाही," म्हणत तो बोट नाचवायचा. घरातला पंखा कुरकुरला तरी हेच. तुम्हीही अशी माणसं बघितली असतील. हा आमच्या कापडगिरणीतला जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, मी गोदामात. गिरणी गेली, पण चिंचपोकळीच्या चाळीत आमच्या खोल्या भिंतीला भिंत लावून राहिल्या.

एकदा कमरेत कळ येऊन तो गॅलरीतच वाकडा झाला. ताप फणफणला. त्याची एकच किडनी चालत होती. तिच्यातून लघवी खाली उतरते त्या वाटेत खडा अडकला आणि सगळं मागे तुंबलं. डॉक्टरीणबाईंनी खालून दुर्बीण घालून आत बारीक नळी ठेवली. तिचं वरचं टोक किडनीत, खालचं मूत्राशयात. खड्याच्या बाजूनं वाट झाली, ताप उतरला.

"आजोबा, ही कायमची नाही हं. तीन महिन्यांत काढायची. राहिली तर तिच्यावरच खडे चढतील."

"हो हो," म्हणाला.

तीन महिने झाल्यावर मी म्हटलं, "चल, काढून येऊ."

"कशाला? चालतंय ना! चालत्याला हात लावला की धागा तुटतो."

"अरे, माग नाही तो, पोट आहे तुझं."

"तू गोदामातला गडी. तुला काय कळतंय मागातलं!"

मी बोलणंच टाकलं. शेवटी तोच पोह्यांची बशी घेऊन दारात आला. "खा रे, फुगू नको."

पुढं लघवी लाल व्हायला लागली, तर वहिनींना म्हणाला, "बीट खाल्लंय."

वर्ष उलटल्यावर थंडी वाजून पडला. नळीवर चुन्यासारखे खडे चढले होते, ती ओढून निघेना. विष रक्तात गेलेलं. पाठीतून दुसरी नळी घालून पिशवी लावली, पण किडनीनंच काम टाकलं होतं. डायलिसिसच्या मशीनवर घ्यावं, तर रक्तदाब टिकेना.

मी खाटेशी उभा होतो. त्यानं डोळे उघडले.

"पिशवीत आलं का रे?"

"येतंय."

"मग हिला सांग. कालपासून उपाशी बसलीय."

वहिनी बाहेर बाकावर होत्या. "भावोजी, काय म्हणतायत?"

"लघवी होतेय. जेवून घ्या म्हणतोय."

त्यांनी हात जोडले, डबा उघडला आणि गार झालेली भाकरी भराभर खाल्ली. मी समोर उभा राहून त्यांना पाणी दिलं. पिशवीत एक थेंब नव्हता.