मंडळाने उशांचं दुकान काढलं

माझे काका पाणीपट्टीच्या खिडकीत नोकरीला होते. आत काका, बाहेर रांग. रांगेतल्या माणसाला पावती मिळाल्याशिवाय हलता येत नसे, आणि पावती देण्याआधी काका त्याला धंद्याबद्दल दोन शब्द सांगत. चप्पल दुरुस्त करणाऱ्याला त्यांनी छत्र्या विकायला सांगितलं, छत्रीवाल्याला सांगितलं की भर उन्हाळ्यात दुकान वाढव. स्वतः त्यांनी जन्मात साधी पेन्सिलही कुणाला विकली नव्हती. सल्लागार मंडळात जितकी माणसं असतात तितक्यांचं काम हे एकटेच करतात म्हणून लोक त्यांना मागून ‘मंडळ’ म्हणायचे. काकांना ते माहीत होतं आणि त्यांना तो मान वाटायचा.

निवृत्त झाल्यावर खिडकी गेली आणि रांगही गेली. सल्ले मात्र होते तेवढेच राहिले. मग काका गल्लीत फिरून दारोदार ते पोचवू लागले. न्हाव्याला म्हणाले, “खुर्चीचं तोंड दरवाजाकडे कर. रस्त्यावरच्या माणसाला आतलं गिऱ्हाईक कसं खुललेलं दिसलं पाहिजे.” न्हाव्याने कटकट मिटावी म्हणून खुर्ची फिरवली. आता गिऱ्हाइकाची पाठ आरशाला. एक गृहस्थ एक कल्ला लांब आणि एक आखूड अशा अवस्थेत थेट ऑफिसला गेले. बेकरीवाल्या बाईंना काका म्हणाले, “ताजे पाव दारात मांडा, वास रस्त्यावर जाऊ दे.” वास गेला, आणि वासाच्या पाठोपाठ पावही गेले. कुणी नेले ते कळलं नाही.

न्हावी तक्रार घेऊन घरी आला तेव्हा मी तिथेच होते. काकू शिवणयंत्रावर कुणाचे तरी पडदे शिवत होती. लोकांचे पडदे शिवून देणं हा तिचा कितीतरी वर्षांचा उद्योग, पण काका त्याला धंद्यात धरत नसत, कारण त्याला पाटी नव्हती. काकूने न्हाव्याचं सगळं ऐकून घेतलं, त्याला चहा दिला, वाटेला लावलं आणि काकांकडे वळली.

“एवढं कळतं ना, मग एकदा स्वतः दुकान काढाच. चाललं तर तुमचं नाव होईल. बुडालं तर गल्ली तरी सुटेल.”

काकांना त्यातला पहिला अर्धाच भाग ऐकू आला.

दुसऱ्या दिवसापासून ते हात मागे बांधून गल्ली मोजू लागले. गल्लीत जे मिळत नाही तेच विकायचं, हा त्यांचा पहिला नियम. किराणा होता, औषधं होती, कुलपं होती, चष्मे होते. शेवटी एका संध्याकाळी धापा टाकत घरी आले आणि म्हणाले, “उशा!”

“काय झालं उशांना?” काकूने विचारलं.

“उशा कुणीच विकत नाही! अगं, माणसाच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा उशीवर जातो.”

“आणि एकच उशी अर्धं आयुष्य पुरते. तेही धरा हिशेबात.”

काकांनी ते धरलं नाही. घराच्या तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत जुन्या सायकली, गळका पाइप आणि तेलाचा वास भरलेला होता. सायकली आणि पाइप भंगारात गेले, वास काही महिने राहिला. भिंतींना निळा रंग दिला. फळ्या ठोकल्या. खोळी काकूने शिवल्या, कापूस मी आणि तिने मिळून भरला. आठवडाभर आमच्या भुवया पांढऱ्या होत्या. खोलीच्या मधोमध काकांनी एक पलंग टाकला. ही त्यांची स्वतःची कल्पना. पाटीवरही तसं लिहिलं: ‘आधी लोळा, मग घ्या.’

लोक आले. लोळले. आणि गेले. बाजारातून दमून येणाऱ्या बायका पिशव्या खाली ठेवून अंमळ पाठ टेकायच्या, “छान आहे हो,” म्हणायच्या आणि पिशव्या उचलून चालू लागायच्या. काकू म्हणाली, “दुकान काढलंय की धर्मशाळा?” काका म्हणाले, “गिऱ्हाईक आधी सवयीने येतं, मग गरजेने.” हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्या दिवशी त्यांनी ते मलाही दोनदा ऐकवलं.

मग एका दुपारी बसडेपोतला एक ड्रायव्हर आला. रात्रपाळीचा माणूस. डोळ्यांखाली काळं, बोलताना मध्येच थांबायचा. “झोप येत नाही हो,” म्हणाला आणि पलंगावर आडवा झाला. समोर आडवा पडलेला, पळून जाऊ न शकणारा माणूस बघून काकांना जुनी खिडकी आठवली असावी. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

“तुम्हाला सांगतो, छोट्या धंद्याच्या तीन गोष्टी असतात. पहिली म्हणजे जागा. आता जागा म्हणजे काय…”

दुसऱ्या गोष्टीपर्यंत पोचायच्या आत ड्रायव्हर घोरू लागला. काकांनी तिन्ही पूर्ण केल्या. घेतलेलं काम ते अर्धवट सोडत नाहीत. बऱ्याच वेळाने ड्रायव्हर गालावर खोळीची शिवण उमटवून उठला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, “ही कुठली उशी हो? दोन द्या.”

डेपोत बातमी पसरली. ड्रायव्हर आले, कंडक्टर आले, वर्कशॉपातले मेकॅनिक आले. पलंगावर नंबर लागू लागले. प्रत्येक जण पडायचा, काका सुरू व्हायचे, तो झोपायचा, उठून उशी घ्यायचा. काका निळ्या रंगाला श्रेय देऊ लागले. कधी पाटीला देत, कधी फळ्यांच्या उंचीला.

खरी गोष्ट काकूच्या लक्षात आली. काकांची दाढ दुखायला लागली आणि ते दोन दिवस दवाखान्यात खेटे घालत होते. तेव्हा दुकानात काकू बसली. उशा त्याच, पलंग तोच, रंगही निळाच. लोक पडले, कूस बदलली, छताकडे बघितलं आणि “बघतो” म्हणून गेले. संध्याकाळी तिने मला स्वयंपाकघरात ओढलं, दार लोटलं आणि म्हणाली, “अगं, झोप उशीने नाही येत. ह्यांच्या बोलण्याने येते.”

मी हसून हसून ओट्यावर बसले. काकू मात्र विचारात होती. “इतका संसार केला, मला आधीच कळायला हवं होतं,” ती म्हणाली. “मला झोपेची तक्रार अशी कधी नव्हतीच.”

काकांना सांगायचं नाही असं ठरलं. पण उशा परत येऊ लागल्या. दुकानात लागणारी झोप घरी लागेना. काका परत आलेली उशी दाबून बघत, कानाला लावून बघत आणि “नवी आहे, रुळेल,” म्हणत. शेवटी तोच ड्रायव्हर आला, दोन्ही उशा काखोटीला मारून. परत करायला मात्र आला नव्हता. त्याने खिशातून मोबाइल काढला.

“काका, ते तीन गोष्टींचं तेवढं ह्यात भरून द्या ना. जागा म्हणजे काय, तिथपासून. घरी लावतो आणि झोपतो.”

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. काकूच्या हातातली सुई मात्र जागच्या जागी थांबली. काका त्या मोबाइलकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आज घसा बसलाय.” आणि आत निघून गेले.

तो घसा बरेच दिवस बसलेला होता. काका सकाळी दुकान उघडत, गल्ल्यावर बसत आणि गप्प राहत. जेवताना मीठ मागायचं तरी ते बोटाने दाखवत. न्हावी मुद्दाम आला, “काका, आरसा मोठा घेऊ का?” काका म्हणाले, “तुला बरं वाटेल ते कर.” न्हावी घाबरून काकूला बाजूला घेऊन विचारू लागला, डॉक्टरला दाखवलंत का. घरातली शांतता काकूला सोसेना. तिची स्वतःची झोप उडाली. “आयुष्यभर म्हणत आले की जरा गप्प बसा,” ती मला म्हणाली, “आणि आता बसलेत तर घर खायला उठतं.”

अशातच शाळेतल्या एक बाई उशी बघायला आल्या. त्यांनी दुकानाची ख्याती ऐकली होती. पलंगावर पडल्या आणि काका बोलायची वाट बघू लागल्या. काका बोलेनात. खोली इतकी गप्प झाली की बाईंनाच अवघडल्यासारखं झालं, म्हणून त्याच बोलू लागल्या. “मी कुशीवर झोपते हो. डाव्या. मान अशी खाली जाते आणि सकाळी फळ्यावर लिहायला हात वर होत नाही.”

काकांनी मान वर केली. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते बघत होते. बाईंचा खांदा, मान आणि मधली पोकळी. बऱ्याच वेळाने ते काकूला म्हणाले, “ह्यांची कडेला जाड हवी. मध्ये नको.” कित्येक दिवसांतलं ते त्यांचं सगळ्यात लांब वाक्य होतं. काकूने तिथल्या तिथे शिवण उसवली, कापूस कडेला सारला, टाके घातले. पुढच्या आठवड्यात बाई परत आल्या तेव्हा काकूचा चेहरा पडला. पण बाईंच्या मागे त्यांची बहीण होती, आणि तिचीही मान दुखत होती.

तेव्हापासून काका विचारू लागले. उताणे झोपता की कुशीवर? पालथे? उशी दुमडता का? लोकांना झोपेबद्दल किती बोलायचं असतं, हे बघून आम्ही चाट पडलो. कुणी पाय उशीवर ठेवायचा, कुणी उशी तोंडावर घ्यायचा. एका म्हाताऱ्या गृहस्थांना उशी मुळी नकोच होती, फक्त ते कसे झोपतात ते कुणीतरी ऐकून घ्यायला हवं होतं. काकांनी ऐकलं. मध्ये एकदा तोंड उघडलं, काकूने बघितलं, त्यांनी मिटलं.

मग काकांनी स्वतः डेपोत निरोप धाडून ड्रायव्हरला बोलावलं आणि विचारलं, “झोपता कधी?”

“दिवसा. रात्री गाडीवर असतो ना.”

“खोलीला खिडकी?”

“मोठी आहे. पूर्वेला.”

काका खुर्चीतून उठले. “अरे माणसा, तुला उशी काय करायचीय! तुला पडदा हवाय, जाड, दुहेरी!” आणि काकूकडे वळून, जरा बिचकत, म्हणाले, “आपण पडदेही ठेवूया का दुकानात?”

काकूने त्यांचा धंद्यातला सल्ला ऐकण्याची ही पहिलीच वेळ. “ठेवूया,” ती म्हणाली आणि शिवणयंत्र खाली आणवलं. पाटी रंगवणाऱ्याने पडद्यांचं नाव वर घालायचं की खाली, असं विचारलं. काका म्हणाले, “वर. ते काम जुनं आहे.”

आता दुकान बऱ्यापैकी चालतं. फार मोठं झालं नाही. काका अधूनमधून बोलतात, पण उशी बांधून झाल्यावर, आणि गिऱ्हाईक उभं असताना.

मागच्या आठवड्यात डेपोचे मुख्य तणतणत आले. “तुम्ही आमच्या लोकांना काय विकताय?” दारातूनच ओरडले. “अर्धे ड्रायव्हर पाळीवर उशिरा येतात! दार वाजवलं तरी उठत नाहीत! काल तर एक बस रिकामीच उभी राहिली, माणूस घरी ढाराढूर!”

काकांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मुख्य पाणी प्यायले, त्यांनी रुमालाने डोळे पुसले आणि जांभई दाबायचा प्रयत्न केला. ती दबली नाही.

“तुमचं कसं आहे?” काकांनी हळूच विचारलं. “झोपेचं?”

मुख्यांनी टोपी काढली. ती मांडीवर ठेवून म्हणाले, “काय सांगू तुम्हाला…”

आतून काकूने मापाची टेप उचलली आणि विचारलं, “खिडकी किती रुंद आहे?”