दवातला कापूस

ओल्या कापसाचा वास आला की मला ती डोंगरकड्याच्या शिवारातली सकाळ आठवते. धुकं कुठं संपतं नि कापूस कुठं सुरू होतो कळत नव्हतं, अन् आमी बाया कमरेला ओटी बांधून स्वप्नात चालल्यासारख्या वेचत होतो. मजुरी किलोवर, दवानं कापूस जड भरायचा, म्हणून आमी उजाडायच्या आधीच रानात जायचो. तेवढ्यात धुक्यातून मालकीण आली. "काहून गं एवढी घाई? ओला कापूस व्यापारी घेत न्हाई. दव उतरू द्या की!" आमच्यातली थोरली म्हणाली, "वैनी, दवासंगं वजनबी उतरतं, मग आमची चूल कशी पेटंल?" "मग रोजानं या." "येतो की! मग हात सावकाश चालले तर बोलायचं न्हाई." मालकिणीला हसू फुटलं. "लई पोचलेल्या हायत! बरं, किलोमागं वाढवून देते, पण वाळल्यावरच वेचा." मग आमी सगळ्याच, मालकीणसुद्धा, बांधावर उन्हाची वाट बघत बसलो, धुकं हळूहळू वर गेलं नि सगळं रान पांढरं फटक दिसू लागलं. आता माझं स्वतःचं थोडं रान आहे. बाया पहाटेच येतात, मी त्यांना थांबवते. वाढवून देते हे शब्द मात्र तोंडातून लवकर निघत न्हाईत.